बोरिंग गावाला ‘बोअर’ होतं म्हणून ते नाव पडलेलं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘अमेरिकेत बोरिंग नावाचं शहर आहे. तिथे कधीच काही घडत नाही, म्हणून लोकांनीच हे नाव ठेवलं. पुढे तिथल्या महापौरांनी स्कॉटलंडच्या डल शहराशी करार केला.’ सोबत पुरावा म्हणून ‘बोरिंग ओरेगन सिटी’ अशा पाटीचा फोटो. यातलं खरं एवढंच, की बोरिंग नावाची वस्ती आहे आणि डलशी तिची जोडी जमली आहे.

आधी नाव. ते चक्क आडनाव आहे. विल्यम हॅरिसन बोरिंग हा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेला सैनिक, नंतर ओरेगन राज्यातला शेतकरी. १९०३ मध्ये पोर्टलंडहून निघालेल्या रेल्वेमार्गावर इथे गाव आखलं गेलं, ‘बोरिंग जंक्शन’. पोस्टही त्याच वर्षी आलं. आसपासच्या जंगलातलं लाकूड ही तेव्हाची कमाई. आपल्याकडे वाघमारे वस्तीवर कोणी रोज वाघ मारत नाही, तसंच हे.

फोटोतली पाटी खरी, वाचणाऱ्यांची चूक. त्यावर दोन ठिकाणं आहेत: बोरिंग, आणि ओरेगन सिटी. दुसरं हे वेगळं, जुनं शहर, क्लॅकमस काउंटीचं (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) मुख्य ठिकाण.

बोरिंगला महापौर नाही, कारण नगरपालिकाच नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर स्वतःची ग्रामपंचायत नसलेली वाडी. कारभार काउंटीकडे, शाळा आणि पाणी यांची मंडळं निराळी. पाण्याच्या मंडळाचं नाव ‘बोरिंग वॉटर डिस्ट्रिक्ट’. आपल्या डोळ्यांसमोर लगेच हातपंप आणि कळश्यांची रांग येते!

मग डलशी सूत जुळवलं कोणी? २०१२ मध्ये इथल्या रहिवाशांच्या नियोजन गटाने. हा गट काउंटीला सल्ला देतो, इतकंच. शिवाय डल हे शहर नाही, मूठभर घरांचं खेडं आहे. दोघांच्या लोकसंख्येत इतकी तफावत, की रीतसर ‘भगिनी-शहर’ म्हणता येईना. म्हणून नुसती ‘जोडी’ ठरली. २०१३ मध्ये ओरेगनच्या विधिमंडळाने ९ ऑगस्ट हा ‘बोरिंग आणि डल दिन’ ठरवला. गावकऱ्यांनी थट्टा अंगाला लावून न घेता तिचा सणच केला, हे मला फार आवडतं.

राहिलं ‘काहीच घडत नाही’. या गावाच्या नावाने भूगर्भशास्त्रात एक ज्वालामुखी क्षेत्र ओळखलं जातं: बोरिंग लाव्हा फील्ड. ऐंशीच्या वर ज्वालामुखी मुखं, बोरिंगच्या टेकड्यांपासून थेट पोर्टलंड शहरात पसरलेली. तिथल्या माउंट टेबर बागेत लोक सकाळी फिरायला जातात, ती टेकडी म्हणजे याच क्षेत्रातला थंडावलेला ज्वालामुखी. इथला शेवटचा उद्रेक सुमारे ५७,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे घडायचं ते घडून गेलंय, आणि दणक्यात.

बोरिंग आणि डलच्या जोडीत पुढे ऑस्ट्रेलियातलं ब्लँड आलं. ‘ब्लँड’ म्हणजे इंग्रजीत बेचव, पण इथेही तो शब्द नाही, माणूस आहे: विल्यम ब्लँड, ब्रिटिश आरमारातला डॉक्टर. १८१३ मध्ये त्याने द्वंद्वयुद्धात आपल्याच जहाजावरच्या एका अधिकाऱ्याला ठार केलं, म्हणून त्याला सात वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला हद्दपार करण्यात आलं. ते द्वंद्वयुद्ध झालं होतं मुंबईत.