‘ऑटो’वरच ठेवा म्हणे!

माझी धाकटी बहीण जिल्ह्याच्या आरोग्य अहवालांचं काम बघते. परवा साहेबांनी तिला डेंग्यूच्या तालुकावार आलेखांची स्केल, म्हणजे अक्षावर आकडे कुठून कुठवर हे, ‘ऑटो’वर न्यायला लावली. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा ‘ग्राफमधला घोटाळा ओळखा’ हा फॉरवर्ड. त्यात चार नियम आहेत: स्केल सॉफ्टवेअर ठरवेल तीच ठेवा (हाताने बदलली की फेरफार), अक्ष शून्यापासून नसेल तर ग्राफ खोटा, लॉग स्केल (जिच्यावर समान अंतर म्हणजे समान पट: १, १०, १००) म्हणजे आकडे दडवणं, आणि मागच्या आखणीच्या रेघा जितक्या दाट तितका ग्राफ अचूक. खाली अर्थातच ‘जनहितार्थ’.

‘ऑटो’पासूनच सुरुवात करू, कारण नुकसान तिथेच जास्त आहे. ऑटो म्हणजे कुणा प्रोग्रामरने आधीच ठरवून ठेवलेली स्केल, एवढंच. एक्सेलचा नियम तर मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलाय: आकडे धन असतील आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या १६.६६७ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर अक्ष शून्यापासून सुरू होत नाही. म्हणजे अशा वेळी फॉरवर्डचा पहिला नियम पाळला की दुसरा आपोआप मोडतो. लिहिणाऱ्याने एकदा एक्सेल उघडून तरी बघायचं!

राज्याचा दहावीचा निकाल घ्या. २०२२ ला ९६.९४ टक्के, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१, २०२५ ला ९४.१०. असाच शून्य सोडून, अक्ष ९२ पासून धरून स्तंभालेख काढला, तर २०२२ चा स्तंभ २०२३ च्या जवळपास पावणेतीन पट उंच दिसतो. प्रत्यक्षात फरक तीन टक्क्यांचा.

तालुक्यांचं तर विचारूच नका. आठ आलेख शेजारीशेजारी आणि प्रत्येकाची स्केल ऑटो. मग ९ रुग्णांचा तालुका काय अन् ९० रुग्णांचा काय, दोन्हीकडे डोंगर सारखाच उंच. फवारणीची माणसं आधी कुठे पाठवायची, हे त्यावरून ठरणार! बहिणीने सगळीकडे किमान ०, कमाल १००, दर २० ला रेघ असं बसवलं होतं. साहेबांच्या लेखी तो फेरफार.

शून्याच्या नियमात अर्धं तथ्य आहे, मान्य. स्तंभालेखात डोळा उंचीच मोजतो, तिथे शून्य हवंच. रेषालेखात आपण चढउतार वाचतो. तापाचा तक्ता शून्य फॅरनहाइटपासून काढून बघा: ९८.६ वरून १०३, म्हणजे साडेचार टक्क्यांची वाढ, रेघ जवळपास सपाट. तोच ताप सेल्सियसमध्ये मांडला की वाढ साडेसहा टक्क्यांच्या वर जाते. रोगी तोच, ताप तोच. मग कुठलं शून्य खरं धरायचं? आपली दहावीची पोरंसुद्धा आरंभबिंदूजवळ अक्षसंकोचाची (अक्षाचा मधला भाग गाळल्याची) खूण करतात आणि कोपऱ्यात प्रमाण लिहितात. त्यांना कुणी लबाड म्हणत नाही.

लॉग स्केलवर फार बोलायची गरज नाही. सेन्सेक्सचा गेल्या चाळीस वर्षांचा आलेख साध्या स्केलवर बघा. १९९२ च्या घोटाळ्यानंतर बाजार वर्षभरात जवळपास निम्म्यावर आला होता. ती पडझड तिथे शोधूनही सापडत नाही. लॉगवर ती ठसठशीत दिसते.

दाट रेघांनी मूळ मोजणी सुधारत नाही, आलेख तेवढा जाळीसारखा होतो. आणि खरी फसवणूक बऱ्याचदा आडव्या अक्षावर चालते, त्याबद्दल फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. २००१, २०११, २०२१, २०२२, २०२३ ही वर्षं समान अंतरावर मांडली की दहा वर्षांची वाढ आणि एका वर्षाची वाढ सारख्याच जागेत बसते; एकाच वेगाने चाललेली वाढ २०२१ नंतर एकाएकी थांबल्यासारखी दिसते. एक्सेलमध्ये वर्षं मजकूर म्हणून भरली असतील, तर हे ऑटोच करून देतं.