'सपाट तळाची घ्या, काठाकाठानं चालवा' म्हणे! धरणातल्या शिडाच्या बोटीबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांकडून आला. साताऱ्याचे दोन मित्र, वाईचा एक, आणि सांगलीचे आमचे मामा, ज्यांचा बोटीशी संबंध कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती काठावरून बघण्यापुरता. मामांनी खाली लिहिलंय, "तुझ्या कामाचं आहे." नाही हो मामा, म्हणून तर लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: शीड वारा नेईल तिकडंच नेतं, परत यायला इंजिन लागतंच. उथळ पाण्यात सपाट तळाची बोट घ्या, ती उलटत नाही. मधे जाऊ नका, काठाकाठानं चालवा. तळ टेकला तर बोर्ड (बोटीच्या तळातून पाण्यात खाली जाणारी फळी) वर घ्या, सुटते. पाणी छातीएवढं असेल तर लाइफ जॅकेट नको. यातले चार चूक आणि एक अर्धवट. मी खडकवासल्याला शिकलो, नंतर काही वर्षं धोम धरणाच्या पाण्यात रीतसर परवानगी काढून एक जुनी एंटरप्राइज नावाची शिडाची छोटी बोट चालवली, निळ्या शिडांची, तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

पहिलं पटकन संपवतो. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की सटकन पुढं उडतो ना, तसंच आहे हे, शीड एका बाजूनं ढकलतं, पाण्याखालचा बोर्ड दुसऱ्या बाजूनं अडवतो आणि मधल्या बोटीला पुढं सटकण्यावाचून रस्ता राहत नाही. वाऱ्याच्या अगदी तोंडावर जाता येत नाही हे खरं, पण साधारण ४५ अंशात एकदा डावीकडं एकदा उजवीकडं असं नागमोडी येता येतं, अंतर जवळपास दीडपट पडतं एवढंच. वारा पडला तर वल्ही असावीत. इंजिन लागतंच हे काय खरं नाही.

आता सपाट तळ. अशा बोटीत उभं राहिलं तरी ती फारशी हलत नाही आणि माणूस तिथंच फसतो, कारण ठरावीक कोनापर्यंत ती घट्ट असते आणि तो ओलांडला की एका झटक्यात पालथी, गोल बुडाची निदान आधी डुलून इशारा तरी देते. उलटून आपोआप सरळ होते ती खाली शिशाचं नाहीतर लोखंडाचं वजन असलेली कील बोट, ती आपल्या पाण्यात कामाची नाही. डिंगीत, म्हणजे आपल्या छोट्या शिडाच्या बोटीत, वजन म्हणजे आपण स्वतः. कुठं बसता, वाऱ्याचा झोत आला की किती चटकन बाहेर झुकता आणि मेनशीट सोडता, यावर सगळं. (शीट म्हणजे शीड नव्हे, ते आवरायची दोरी. यावरून मी पहिले दोन दिवस बोलणी खाल्लीत.) ती दोरी कधीही पक्की बांधून ठेवायची नाही. आणि गच्च भरलेल्या बोटीचं काय होतं हे सांगलीकरांना २०१९ च्या पुरातल्या ब्रह्मनाळच्या बोट दुर्घटनेनंतर वेगळं सांगायला नको, तिथं तर शीडही नव्हतं.

कमी पाण्यात चालणारं बूड ही काही नवी आयडिया नाही, सरखेल आंग्र्यांची गलबतं खाडीत शिरायची आणि मागं लागलेली मोठी जहाजं बाहेरच थांबायची. पण आज बोट निवडताना तळाआधी बोर्ड बघा. डॅगरबोर्ड म्हणजे वरून सरळ खाली घातलेली फळी, वेगात दगडावर आपटली की फळी नाहीतर तिची खाच फुटते. सेंटरबोर्ड खिळ्यावर फिरतो, टेकला की मागं वळून वर येतो. लेझर सुंदर बोट आहे, हल म्हणजे बोटीचं नुसतं अंग फक्त ५९ किलोच्या आसपास, पण तिचा डॅगरबोर्ड पूर्ण खाली असला की ८० सेंटीमीटरच्या आसपास पाणी लागतं. पोरांची ऑप्टिमिस्ट, १९४७ सालचं डिझाइन आणि ३५ किलोचं हल, तिलाही डॅगरबोर्डच. म्हणून आपल्याकडच्या दगडधोंड्यांत माझं मत सेंटरबोर्डवालीला, आणि रडर, म्हणजे सुकाणूसुद्धा वर उचलला जाणारा हवा, कारण बोर्ड वर घेतला आणि रडर चिखलात रुतला तर तुमच्या हातात नुसता दांडा उरतो. जुनी घेत असाल तर सेंटरबोर्डच्या पेटीचा खालचा जोड नीट बघा, गळती बहुतेक तिथंच सापडते. रंग नंतर बघा.

काठाकाठानं चालवा हे वाचून मात्र खरंच राग आला. कोयना १०५.२५ टीएमसीचं धरण, पावसाळा संपताना तुडुंब आणि मे महिन्यात बामणोली-तापोळ्याकडं पाणी कुठल्या कुठं मागं गेलेलं, मग यात "उथळ" जागा नक्की कुठली? ऑक्टोबरमध्ये जिथं बांबूला तळ लागत नाही तिथंच एप्रिलमध्ये जुन्या शेताचा बांध नाहीतर झाडाचं खुंट वीतभर पाण्याखाली असतं आणि गढूळ पाण्यात दिसत नाही. शिवाय काठालाच मासेमारीची जाळी, शेतीच्या मोटारींचे पाइप, त्यांच्या केबली, आणि वरून जाणाऱ्या विजेच्या तारा, ज्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. तुमची डोलकाठी अॅल्युमिनियमची, पाच-सहा मीटर उंच. बोट गाड्यावरून पाण्यात ढकलतानाच घात होऊ शकतो, त्यामुळं डोलकाठी उभी करायच्या आधी वर बघायचं. परत डोंगराच्या आडोशाला वारा पडतो आणि मधेच एखाद्या घळीतून झोत येतो, वारा नाही म्हणजे वेग नाही आणि वेग नाही म्हणजे सुकाणू काही ऐकत नाही. काठच धरायचा असेल तर वारा ज्या काठाकडून येतोय तो धरा, काही बिघडलं तर वारा तुम्हाला मोकळ्या पाण्यात ढकलतो. समोरच्या काठाजवळ तोच वारा तुम्हाला दगडांवर नेऊन घालतो.

आणि वळीव! पाणी सगळ्यात कमी असतं नेमक्या त्याच दिवसांत दुपारनंतर ढग चढतो आणि पावसाच्या आधी गार वारा भलत्याच दिशेनं येतो. पलीकडं धुरळा उठलेला दिसला की शीड खाली, विचार नंतर.

बोर्ड वर घेतला की सुटते, हे अर्धं खरं. वाऱ्याकडं चढताना वारा जिकडं ढकलतो त्या बाजूला खोल पाणी असेल तर सुटते. वारा काठाकडं ढकलत असेल तर तो बोर्डच तुम्हाला रोखून धरत होता, वर घेतलात की अजून आत जाता. तिथं आधी शीड सोडायचं, मग बांबूनं किंवा वल्ह्यानं तोंड वाऱ्याकडं फिरवायचं. बोट एका बाजूला कलवून सोडवायची युक्ती कील बोटीची आहे, सपाट तळाची कलवली तर तिची कड उलट जास्त खोल जाते.

राहिलं लाइफ जॅकेट. धोमला एकदा गळ्याएवढ्या पाण्यात उलटलो, जाइब करताना (मागून वारा घेत वळताना शीड एका बाजूचं दुसरीकडं जातं ते) बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यात बसला होता आणि दोन क्षण आपण कुठं आहोत तेच कळेना. पाय टेकवायला गेलो तर गुडघ्याच्या वर गाळ, एक पाय काढावा तर दुसरा आत. डोलकाठीचं टोकही रुतलेलं, आणि अशा वेळी बोट सरळ करायला बोर्डवर उभं राहून जोर लावला तर डोलकाठी वाकते, म्हणून बोटीचं पुढचं टोक हाताने ओढत वाऱ्याकडं फिरवलं, डोलकाठी गाळातून हळूहळू निघाली, मग बोर्डवर चढलो. अर्धा तास गेला. जॅकेट होतं म्हणून गाळात पाय न टेकवता तरंगत हे करता आलं. मामांना फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाले, "मग मी तो मेसेज पाठवलाय ते अकरा जण, त्यांना काय सांगू?"