हवामान बदलाची खरी माहिती हाती लागू नये म्हणून घ्यायची काळजी

हवामान बदलाबद्दल भरवशाची माहिती ऑनलाइन शोधायला निघालात तर सगळ्यात मोठा धोका हा की ती सापडते. आणि फुकट सापडते, लॉगिन नाही, ओटीपी नाही, काही नाही. त्यामुळे पहिल्या क्लिकपासूनच जपून राहायला हवं.

सर्चमध्ये "पृथ्वीचं तापमान किती वाढलंय" असं सरळ टाईप करायची चूक करू नका. असं टाकलं की अमेरिकेच्या नासा आणि नोआ, ब्रिटनचं मेट ऑफिस, युरोपचं कोपर्निकस ही तापमान मोजणारी सरकारी मंडळी पहिल्याच पानावर ठाण मांडून बसलेली असतात आणि प्रत्येकाने आपापला हिशोब वेगळा करूनसुद्धा आकडे जवळपास सारखेच येतात, मग वाद घालायला उरतं काय. जागतिक हवामान संघटनेने तर असे सहा हिशोब एकत्र करून २०२४ सालाला औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे १.५५ अंश जास्त, असं सांगून टाकलं. नकोच ते. त्यापेक्षा "ग्लोबल वॉर्मिंग थोतांड पुरावा" असं टाका, म्हणजे हवं ते उत्तर प्रश्नातच घालून द्यायचं. सर्च इंजिन बिचारं आज्ञाधारक असतं, जे मागाल ते आणून देतं, आणि वर तुम्ही म्हणायला मोकळे की मी स्वतः रिसर्च केलाय बरं का.

माणूस निवडताना नावाआधी "डॉ." आहे का एवढंच बघा. कशातले डॉक्टर हे विचारणं असभ्यपणाचं आहे. माणसामुळे हवामान बिघडतंय याला पुरावा नाही असं म्हणणारी १९९८ ची ती अमेरिकेतली ओरेगॉन पिटिशन अजून फिरत असते ना, ३१ हजारांहून जास्त "शास्त्रज्ञांच्या" सह्यांची, ती बिनधास्त पुढे ढकला. आत डोकावू नका फक्त, कारण सह्या करणाऱ्यांत इंजिनिअर, माणसांचे डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर सगळे आहेत आणि हवामानशास्त्र या रकान्यात पिटिशनवाल्यांनी स्वतःच ३९ जण मोजलेत. सोबत जोडलेला लेख तर अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या जर्नलसारखा दिसेल असा छापला होता, इतका की त्या अकॅडमीला जाहीर करावं लागलं की बाबांनो, याच्याशी आमचा काही संबंध नाही. हे खुलासे वगैरे वाचत बसलात तर फॉरवर्ड करायचं राहून जाईल.

आता ग्राफ. ग्राफ बघायचा तर १९९८ पासूनच सुरू होणारा बघायचा, आधीचा नाही. त्या साली जबरदस्त एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी अधूनमधून तापतं तो प्रकार, होता, तापमान एकदम वर गेलं होतं, त्यामुळे तिथून रेघ ओढायला घेतली की पुढची दहा-बारा वर्षं छान सपाट दिसतात. आणि २०१२ च्या आसपास थांबायचं, हे महत्त्वाचं. पुढे सरकलात तर २०१५ ते २०२४ ही दहाच्या दहा वर्षं २०२४ पर्यंतच्या मोजणीतली सगळ्यात गरम दहा वर्षं निघतात आणि सगळी मेहनत पाण्यात. एवढं करूनही रेघ चढतेय असं वाटलं तर उभा अक्ष ताणा, उणे १० पासून ११० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे एक-दोन अंशांची वाढ त्यात कुठल्या कुठे विरघळून जाते. हे मी मनाने सांगत नाहीये, असा ग्राफ खरंच फिरलाय आणि लोकांनी तो डोक्यावर घेतलाय.

मौना लोआच्या नादी तर अजिबात लागू नका. हवाईतल्या त्या डोंगरावर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत, तेव्हा ३१५ पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३१५ भाग) आसपास होता, आता ४२० च्या वर गेलाय, आणि रोजचा आकडा कोणालाही बघता येतो. तुमच्या हातात ज्वालामुखीवाला मुद्दा असू द्या, सगळा गॅस ज्वालामुखीतून येतो म्हणून ठणकावून सांगा. ज्वालामुखींचं वर्षाचं उत्सर्जन माणसाच्या उत्सर्जनाच्या एक-दोन टक्केसुद्धा भरत नाही ही गोष्ट अमेरिकेच्या भूगर्भ विभागाच्या साईटवर आहे, तिकडे कोण जातंय.

आयपीसीसीबद्दल मत असणं सक्तीचं आहे, वाचणं नाही. १९८८ पासूनची संयुक्त राष्ट्रांची संस्था, स्वतः प्रयोग करत नाही, जगभर छापून आलेलं संशोधन वाचते आणि एकूण काय दिसतंय ते लिहिते. २०२१ मध्ये आलेल्या अहवालाच्या एका भागासाठी २३४ लेखकांनी १४ हजारांहून जास्त संदर्भ चाळले, ७८ हजारांवर कमेंट आल्या, त्या कमेंटना काय उत्तर दिलं तेही वाचायला ठेवलंय. अहवालाच्या सुरुवातीचा सारांश तर सगळ्या देशांच्या सरकारांनी ओळ न् ओळ मंजूर करायचा असतो, त्यात तेल विकणारे सौदी अरेबियासारखे देशही आले. इतक्या चाळणीतून गेलेलं वाचायला फारच कंटाळवाणं होणार ना. तुम्हाला फक्त २०३५ लक्षात ठेवायचंय. २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात असं चुकीचं छापलं गेलं, हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच ते पकडलं, २०१० मध्ये आयपीसीसीने चूक मान्य केली. संपलं! हजारो पानांत एक चूक आणि वर ती कबूलही केली, म्हणजे ही संस्था कायमची बाद. भरवशाचा कोण, तर ज्याने आजवर एकही चूक मान्य केली नाही तो यूट्यूबवाला.

रिचर्ड म्युलर या माणसापासून मात्र लांब राहा. भौतिकशास्त्रज्ञ, तापमानाच्या नोंदींवर शंका घेणारा, बर्कली अर्थ नावाचा प्रकल्प काढून सगळं नव्याने मोजायला बसला, थोडा पैसा तेल उद्योगातल्या चार्ल्स कोक यांच्या फाउंडेशनचाही होता. आपला माणूस म्हणून सगळे आशेने बघत होते. आणि २०१२ मध्ये गडी म्हणतो की तापमान वाढलंय आणि कारण जवळजवळ पूर्णपणे माणूसच आहे. शंका घ्यायची ती घ्यावी, पण तपासायला कोणी सांगितलं होतं?

तुम्हाला हे थोतांडवालं पटत नसेल आणि उलट घाबरायचीच आवड असेल तरी सोय आहे. "२०३० ला जग संपणार" टाईपचे व्हिडिओ बघा. आयपीसीसीच्या २०१८ च्या अहवालात फक्त एवढंच होतं की वाढ १.५ अंशांपाशी रोखायची तर २०३० पर्यंत उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी उतरायला हवं, पण त्यात थंबनेलवर टाकायला आग कुठेय.

कंपन्यांचं वाचायचं तर हिरवी पानं आणि पवनचक्क्या असलेली जाहिरातच वाचा. एक्झॉनच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून केलेले अंदाज पुढे बऱ्यापैकी बरोबर ठरले असं २०२३ मध्ये सायन्स जर्नलमध्ये आलंय, म्हणजे कंपनी घरात एक बोलत होती आणि बाहेर दुसरंच, पण असलं वाचून जाहिरातीची मजा जाते.

चुकून एखादं चांगलं पान सापडलंच तर सेव्ह करू नका, सरकारी साईट आहे, कुठे जातेय. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये हवामान बदलाची पानं उतरवली, २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय हवामान अहवालांची आख्खी साईट बंद झाली, पण ते अपवाद समजा. वेबॅक मशीनमध्ये जुन्या प्रती मिळतात हे तर कोणाला सांगूच नका.

आणि एवढं सगळं सांभाळूनही कोणी समोर लिंक टाकलीच तर उघडायच्या आधीच लिहायचं, "यांना याचे पैसे मिळतात." आयपीसीसीचे लेखक हे काम आयपीसीसीकडून पगार न घेता करतात असं त्यांच्याच साईटवर लिहिलंय, पण तिकडे तुम्ही जाणारच नाही आहात, तेव्हा बेलाशक लिहा.