‘अमेरिकेत ॲट-विल नोकरी, गप्प बसा’: हा सल्ला मानू नका

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर नोकरी गेलेल्याला हमखास मिळणारा सल्ला: “इथे ॲट-विल असतं, कधीही काढतात. मॅनेजरचं रेकॉर्डिंग नसेल तर भेदभाव सिद्ध होत नाही. एच-वन-बी व्हिसावाल्यांनी तर नादच करू नये.”

“कधीही काढतात.” कारण न देता काढतात, हे खरं. पण बेकायदा कारणासाठी काढता येत नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं टायटल सेव्हन वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देशावरून होणारा भेदभाव रोखतं, त्याविरुद्ध तक्रार केल्याचा सूड घेणंही. कंपनीत किमान १५ माणसं हवीत. व्हिसा कुठला, याने फरक पडत नाही.

“रेकॉर्डिंग नाही तर केस नाही.” सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं. मिसिसिपीतल्या कारखान्यातले ५७ वर्षांचे सुपरवायझर रीव्ह्ज यांना हजेरीच्या नोंदी चुकवल्याचा ठपका ठेवून काढलं. त्यांनी वयाच्या भेदभावाचा दावा लावला आणि दाखवून दिलं की हजेरीचं यंत्रच कधीकधी पंच नोंदवत नसे. अशा वेळी माणूस जागेवर आहे हे बघून ते वेळ हाताने लिहीत. वयावरून टोमणेही झाले होते. पण २००० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं: कर्मचाऱ्याने भेदभावाची प्राथमिक बाजू मांडली आणि कंपनीचं कारण खोटं ठरलं, तर तेवढ्यावरूनही ज्युरी भेदभावाचा निष्कर्ष काढू शकते. म्हणून मार्चच्या रिव्ह्यूत कौतुक, एप्रिलमध्ये एचआरकडे तक्रार आणि मेमध्ये पीआयपी (काम सुधारण्याची लेखी ताकीद), या तारखांना किंमत आहे. त्या घरच्या वहीत लिहा. कंपनीच्या गोपनीय फायली मात्र स्वतःला फॉरवर्ड करू नका.

आणि तक्रारीत “भेदभाव” स्पष्ट लिहा. “मॅनेजर फार कडक वागतो” एवढ्याला हे संरक्षण नाही.

“तक्रारीनंतर काढलं म्हणजे सूडच” हे उलट टोकही चूक. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नासार निकालापासून तक्रार केली नसती तर नोकरी गेली नसती, असं दाखवावं लागतं. हे अवघड आहे, वकील लागतो.

“सेव्हरन्सवर सही केली, संपलं.” सेव्हरन्स म्हणजे काढताना पैसे देऊन त्याबदल्यात दावे सोडायला लावणारा करार. त्याने भरपाईचा हक्क बहुधा जातो, म्हणून घाई नको. चाळिशीपुढच्यांना वयाचा दावा सोडण्याआधी विचाराला किमान २१ दिवस आणि सहीनंतर माघारीला ७ दिवस मिळतात. ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारा केंद्र सरकारचा आयोग) तक्रार नोंदवायचा हक्क सहीनेही जात नाही.

नोकरी गेल्यावर एच-वन-बीवाल्यांना अमेरिकेत राहायला मिळणारे जास्तीत जास्त ६० दिवस वेगळे, ईईओसीकडे तक्रार करायची मुदत वेगळी: १८० दिवस, बहुतेक राज्यांत ३००. ती काढल्याचं कळवल्या दिवसापासून धावते, शेवटच्या पगारापासून नाही. भारतात परतलात तरी तक्रार करता येते.