सायकॉलॉजीला जाताय? नारळ घेऊन जा

बारावीला सायन्स झेपलं नाही आणि कॉमर्समध्ये राम वाटत नाही, तर बी.ए. सायकॉलॉजीला जा. विद्यापीठ मात्र खासगी आणि धार्मिक बघा. गेटवर कुलगुरूंच्या आधी सद्गुरूंचा फोटो दिसला की समजा, ठिकाण बरोबर आहे. माझी तीन वर्षं अशाच एका ठिकाणी गेली, म्हणून हक्कानं सांगतोय.

घरी आत्या विचारेल, "म्हंजे येड्यांचा डॉक्टर हुणार काय रं?" तिला हो म्हणा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला पुढचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हे सांगून तिचा मटणाचा बेत मोडू नका. तांबडा-पांढरा हातचा जाईल.

सकाळी सभागृहात सामूहिक ध्यान असतं. ते संपलं की स्वामीजी ओळीनं विचारतात, "काय जाणवलं?" पहिला म्हणतो कंपनं, दुसरा म्हणतो कंपनं. सातवे तुम्ही. तुम्हाला जाणवलेली असते फक्त भूक, आणि डोळ्यांसमोर आलेली असते मिसळ. तरी कंपनंच म्हणायचं. मग अकराच्या तासाला सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग शिकवतात. 1951 साली त्यानं माणसांना साध्या रेघांची लांबी विचारली, आणि आधीच्यांनी ठरवून चुकीचं उत्तर दिलं म्हणून चांगले डोळसही चुकीचं बोलले. हे शिकताना हसू आलं तर खोकला काढा.

फ्रॉइडचं जरा जपून. धर्म हा भ्रम आहे असं त्यानं 1927 साली लिहिलं. आमच्याकडं तो भाग 'घरी वाचा'मध्ये टाकला होता. तोंडी परीक्षेला विल्यम जेम्सचं नाव घ्या. धार्मिक अनुभवांवर त्याचं 1902 सालचं जाडजूड पुस्तक आहे. ते उघडून बघायची गरज नाही, परीक्षकांनीही बघितलेलं नसतं.

रोर्शाकची 10 कार्डं येतात. पुस्तक सांगतं, शाईच्या डागात काय दिसतं त्याला बरोबर-चूक नसतं. पण वर्गात सगळ्यांसमोर विचारलं तर वटवाघूळ म्हणू नका, गणपती म्हणा. माझ्या शेजारचीनं पाचव्या कार्डाला वटवाघूळ म्हटलं. खरं तर जगभर बहुतेकांना तिथं तेच, नाहीतर फुलपाखरू दिसतं. तिला अकरा दिवस अथर्वशीर्ष लागलं.

खंडेनवमीला प्रयोगशाळेची पूजा असते. मिरर ड्रॉइंगच्या आरशाला एकदा इतकं हळदकुंकू लागलं, की पुढं दिवाळीपर्यंत सगळ्यांचा तारा तांबूस दिसायचा. आरशात बघून तारा गिरवायचा असतो, हात आधीच उलटा जातो, त्यात हे. मी जर्नलमध्ये 'अडथळा : कुंकू' असं लिहिलं. सरांनी लाल पेनानं ते खोडलं आणि वर लिहिलं 'प्रकाश'.

शेवटच्या पेपरला स्किनरची कबुतरं येतातच, पाठ करून जा. 1948 चा प्रयोग. दाणे ठरावीक वेळानं आपोआप पडत होते, पण आठांतल्या सहा कबुतरांनी आपलंच काहीतरी धरून ठेवलं. एक गोल गोल फिरायला लागलं, एक मान हलवत बसलं. आपल्या करण्यानंच दाणे येतात, अशा थाटात.

मी हे उत्तर दोन पानं लिहिलं, आकृतीसकट. सकाळी अंबाबाईला नारळ फोडूनच आलो होतो. पेन दर सेमिस्टरचंच, तेच निळं, टोपण तुटलेलं. मनगटावरचा गंडा शाईवर घासून कबुतराची मान पुसली गेली, ती परत काढली.

मार्क चांगले पडले. ते पेन अजून जपून ठेवलंय. हवं तर परीक्षेपुरतं देईन.