खापर फोडायला डोके हवे

संसारात दुसरे मोठे माणूस कशासाठी लागते, या प्रश्नाची पुष्कळ उत्तरे नातेवाइकांनी मला न विचारता दिलेली आहेत. आधाराला, सोबतीला, म्हातारपणी औषधाची वेळ सांगायला, माळ्यावरचा पिंप खाली काढायला, अशी ती यादी असते. माझ्या घटस्फोटाला आता पाच वर्षे झाली आणि यांतील बहुतेक गोष्टींची काही ना काही सोय मी लावलेली आहे. पोळ्यांना मावशी आहेत, दुपारी शाळा सुटल्यावर पाळणाघर आहे आणि पिंप माळ्यावरून कधीच खाली उतरवायचा नाही असा निर्णय मी एकमताने घेतला आहे. एका गोष्टीची सोय मात्र पैसे मोजूनही होत नाही. दूध उतू गेल्यावर ज्याच्याकडे रागाने पाहून "तुला सांगितलं होतं ना" असे म्हणता येईल, असे दुसरे डोके घरात नसते. खापर तयार असते, ते हातात धरून आपण घरभर फिरतो आणि शेवटी स्वतःच्याच कपाळाशी येऊन थांबतो.

आमचा संसार चालू होता तेव्हा या बाबतीत घरात सुबत्ता होती. विजेचे बिल भरायचे राहिले तर दोष कोणाचा, यावर आम्ही बिलाच्या रकमेपेक्षा जास्त किमतीची वीज जाळून रात्री उशिरापर्यंत चर्चा करत असू. आता बिल राहिले तर चर्चा दोन मिनिटांत संपते, कारण फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश ही तिन्ही पदे माझ्याकडे आहेत. त्यातून आरोपीची सुटका आजवर एकदाही झालेली नाही.

2025 ची आषाढी एकादशी 6 जुलैला, रविवारी आली. त्याआधीच्या आठवड्यात हे खटले इतके साचले, की त्यांची नोंद करून ठेवणे मला भाग आहे.

सोमवारी डब्यांची अदलाबदल झाली. जेवणाच्या पिशव्या मी "एकावर एक मोफत" या योजनेत घेतल्या होत्या, म्हणून माझी आणि चिरंजीवांची पिशवी सारखीच आहे. दुपारी फोर्टमधील आमच्या केंद्र सरकारी कार्यालयात, हाताखालच्या लोकांसमोर, मी डबा उघडला तेव्हा त्यात साखर-तुपाच्या पोळीचे दोन रोल आणि बदामाचे चार काप निघाले. तिकडे इयत्ता तिसरीत माझी कारल्याची भाजी पोहोचली होती. संध्याकाळी डबा रिकामा परत आला, तेव्हा मला क्षणभर भरून आले. पण ती भाजी व्हॅनवाल्या काकांनी खाल्ली होती आणि त्यांना ती इतकी आवडली होती, की पुन्हा कधी करणार अशी चौकशी त्यांनी चिरंजीवांमार्फत केली होती. पिशव्या कोणी घेतल्या? मी. भरल्या कोणी? मी. खटला निकाली.

मंगळवारचा प्रसंग मात्र इतका थोडक्यात आटपता येणार नाही. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असे राज्य शासनाने 2024 च्या फेब्रुवारीत ठरवले. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. फक्त त्या हेतूत डोंबिवलीहून सुटणाऱ्या जलद लोकलचा विचार झालेला नाही. मी 8 वाजून 20 मिनिटांनी घर सोडते आणि व्हॅन पावणेनऊला येते. मधली पंचवीस मिनिटे समोरच्या आजी सांभाळतात. त्यांच्याकडे आमच्या घराची जादा किल्ली असते आणि मी नसताना येणारी पार्सले, वाणी, मीटर पाहणारे वगैरे सर्व पाहुण्यांचे स्वागतही त्याच करतात. त्या मंगळवारी गॅसचा सिलिंडर आला.

पूर्वी सिलिंडर घ्यायला घरात फक्त माणूस लागे. आता नोंदवलेल्या मोबाइलवर आलेला चार आकडी कोडही लागतो, आणि तो मोबाइल घाटकोपर सोडून पुढे निघालेल्या गाडीच्या महिला डब्यात, माझ्या पर्समध्ये, छत्रीच्या खाली होता. तो वाजला तेव्हा माझा एक हात वरच्या कडीला आणि दुसरा कोणाच्या तरी बॅगेच्या पट्ट्यात अडकलेला होता. शेजारणीने पर्सची चेन उघडली, दुसरीने फोन काढून माझ्या कानाला लावला आणि पलीकडून आजी म्हणाल्या, "अगं, गॅसवाला आलाय. आकडा सांग म्हणतो."

कोड होता 6776. "सदुसष्ट शहात्तर," मी म्हणाले. "सत्त्याहत्तर?" आजींनी विचारले. "नाही, सदुसष्ट. मग शहात्तर." "सहासष्ट?" एवढ्यात गॅसवाल्याने फोन घेतला आणि "मॅडम, हिंदी में बताओ" म्हणाला. हिंदीतले सदुसष्ट मला त्या क्षणी आठवले नाही. शेजारणीने ते सांगितले, पण ते सडसठ की अडसठ यावर खिडकीजवळ बसलेल्या बाईंनी हरकत घेतली आणि डब्याचे दोन तट पडले. गाडीच्या खडखडाटात पलीकडून दोन चुकीचे प्रयत्न झाल्याची वार्ता आली.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणण्याची पद्धत आली, तेव्हा मराठीचे आता कसे होणार म्हणून हळहळणाऱ्यांत मी आघाडीवर होते. मी त्यावर जेवणाच्या सुट्टीत विनोदही केले होते. त्या मंगळवारी, कुर्ल्याच्या अलीकडे, सव्वाशे बायकांच्या साक्षीने मी फोनमध्ये ओरडले, "साठ सात! सत्तर सहा!" पलीकडून आजी शांतपणे म्हणाल्या, "हं, आता कसं समजलं." सिलिंडर घरात गेला. डब्यात टाळ्या वाजल्या. ज्या तज्ज्ञ मंडळींना मी सहा वर्षे नावे ठेवली, त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली, म्हणजे तिथेही दोषी मीच ठरले.

बुधवारी सकाळी सात वाजता चिरंजीवांचे अंग गरम लागले. अशा वेळी काय करावे याची तरतूद सरकारने उदारपणे केलेली आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण नोकरीत 730 दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. ती इतरांना वर्षातून तीन वेळा घेता येते आणि माझ्यासारख्या एकल महिलेला सहा वेळा. आस्थापना विभागाने हा नियम मला समजावून सांगितला, तेव्हा एकटेपणाचे काही तरी मूल्य शासनाच्या लेखी आहे हे पाहून मी सुखावले होते. मात्र ही रजा एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी मिळत नाही. म्हणजे मुलाला आजारी पडायचे असेल तर त्याने किमान पाच दिवस नेटाने आजारी पडावे, अशी अपेक्षा आहे. आमचा ताप साडेनऊला, शाळेची वेळ टळल्याची खात्री झाल्यावर, उतरला. अकरा वाजता रुग्ण सोफ्यावरून पंख्याला चेंडू लागतो का ते पाहत होता. मी अर्ध्या दिवसाची सीएल टाकून दुपारी कार्यालय गाठले. वर्षाच्या आठ सीएलपैकी माझ्या खात्यावर आता एक उरली आहे आणि वर्ष उरले आहे सहा महिने.

गुरुवारी पहाटे सहाला कुकर चढवून मी ओल्या कचऱ्याची बादली जिन्यात ठेवायला बाहेर आले आणि आषाढाच्या वाऱ्याने दार लोटून दिले. लॅच लागला. आत गाढ झोपलेले चिरंजीव, माझा मोबाइल आणि पेटता गॅस. बाहेर गाऊनमध्ये मी, हातात बादली. घाबरण्याचे कारण नव्हते, कारण नेमक्या याच प्रसंगासाठी जादा किल्ली समोर ठेवलेली होती. मी आजींना उठवले. त्या किल्ली शोधू लागल्या, मी बेल वाजवू लागले, आणि आत पहिली शिट्टी झाली.

भाताला तीन शिट्ट्या लागतात. दुसऱ्या शिट्टीला आजींच्या लक्षात आले, की मंगळवारी सिलिंडर आत घेताना त्यांनी किल्ली आमच्याच ओट्यावर ठेवली आणि दार नुसते ओढून घेतले. तिसऱ्या शिट्टीला भात झाला. चौथ्या शिट्टीला वरच्या मजल्यावरचे काका दात घासत खाली आले आणि कुकरची रिंग नवी आहे का, असे त्यांनी विचारले. पाचव्या आणि सहाव्या शिट्टीच्या दरम्यान मी मनातल्या मनात आजींवर खापर फोडून पाहिले, पण त्या पंचाहत्तरीच्या बाई माझ्यासाठी पदर खोचून दार ठोठावत होत्या. गॅसवाल्यावर फोडावे तर त्याने मुकाट्याने कोड मागितला होता. मंगळवारी रात्री आणि बुधवारी दिवसभर ओट्यावर पडलेली किल्ली कोणाला दिसायला हवी होती, हा प्रश्न सातव्या शिट्टीला उपस्थित झाला आणि मी त्याचे उत्तर द्यायचे टाळले. नववी शिट्टी संपता संपता दार उघडले. डोळे चोळत चिरंजीव म्हणाले, "आई, बेल का वाजवतेस? किल्ली नाही का तुझ्याकडे?"

शुक्रवार रात्री साडेआठपर्यंत निर्विघ्न गेला, यावरूनच मी सावध व्हायला हवे होते. जेवताना चिरंजीवांनी सांगितले, की उद्या शाळेची दिंडी आहे आणि त्यांना विठ्ठल व्हायचे आहे. हात न धुताच मी ड्रेपरीवाल्याला फोन केला. "ताई, विठ्ठल बुधवारीच संपले," तो म्हणाला. "रुक्मिणी दोन आहेत. ज्ञानेश्वर देऊ का? पण लहान मापाचे आहेत." दुसऱ्या दुकानात फक्त शिवाजी महाराज शिल्लक होते.

तेव्हा विठ्ठल घरीच करायचे ठरले. माझ्या लग्नातली पिवळी रेशमी साडी चौपदरी दुमडून तिचा पीतांबर झाला. त्या साडीचा पाच वर्षांतला हा पहिलाच उपयोग. कुरिअरच्या खोक्याचा मुकुट कापला, त्याला चॉकलेटचा सोनेरी कागद लावला आणि मकरकुंडलांसाठी पुठ्ठ्याचे दोन मासे कापले, त्यांतला एक बोंबलासारखा झाला. हे करता करता रात्रीचा एक वाजला आणि मला त्या देवाबद्दल प्रथमच आपलेपणा वाटू लागला. पंढरपूरच्या मंदिरात रुक्मिणीचा गाभारा वेगळा आहे. ती रुसून दिंडीरवनात आली आणि तिची समजूत काढायला देव मागोमाग आले, अशी कथा आहे. पण समजूत निघाल्यानंतरही दोघांचे पत्ते निराळेच राहिले, हे आमच्या नातेवाइकांच्या कधी लक्षात आलेले नाही. शिवाय पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर, कमरेवर हात ठेवून अठ्ठावीस युगे उभे राहायचे, ही मुद्रा मला फार ओळखीची वाटली. शाळेच्या फाटकाबाहेर मी तशीच उभी असते.

शनिवारी आमच्या कार्यालयाला सुट्टी असते, म्हणून मी दिंडीला हजर होते. पाऊस रिमझिम होता. ड्रेपरीचे पाच विठ्ठल जरीकाठात झगमगत होते आणि त्यांतले दोघे कमरेवरचे हात सोडून एकमेकांचे मुकुट ओढत होते. आमचा विठ्ठल मात्र फाटकापासून देवळापर्यंत आणि परत, तासभर, कमरेवरचे हात तसूभरही न हलवता चालला. बाई कौतुकाने म्हणाल्या, "भूमिकेत किती रमलाय बघा." खरे कारण असे होते, की घरातल्या सेफ्टी पिना दोनच निघाल्या होत्या आणि पीतांबराचा उरलेला भार त्या दोन हातांवर होता.

मग बाई पुढे म्हणाल्या, "पण आपण डायरीत वारकऱ्याचा पोशाख लिहिला होता ना? पांढरा सदरा आणि टोपी?"

पांढरा सदरा आणि टोपी गेल्या वर्षीपासून आमच्या कपाटात इस्त्री करून ठेवलेली आहेत. रिक्षात बसेपर्यंत मी दम धरला. हा तब्बल पाच वर्षांनी हाती आलेला आरोपी होता आणि त्याला मी घाईने वाया घालवणार नव्हते.

"डायरीत वारकरी लिहिलं होतं," मी सुरुवात केली.

"हो. पण मला विठ्ठल व्हायचं होतं."

"मग मला खरं का नाही सांगितलंस?"

"तू डायरीवर सोमवारी सही केलीस ना? वाचायचं नाही का सही करताना?"

यावर मी सोमवारी रात्री किती दमले होते ते सांगितले. त्यांनी कारल्याचा विषय काढला. मी बुधवारच्या तापाचा जाब विचारला, त्यांनी किल्ली काढली. स्टेशनपासून घरापर्यंत कोणीही माघार घेतली नाही, आणि रिक्षावाल्याने आरसा दोनदा फिरवून आम्हाला पाहिले. इतके चांगले, दोन्ही बाजूंनी लढलेले भांडण आमच्या घरात फार वर्षांनी झाले होते. जिना चढतानाही ते चालूच होते आणि मला मुळीच थकवा वाटत नव्हता.

समोरच्या आजी दारातच उभ्या होत्या. आमचे भिजलेले अवतार पाहून त्यांनी विचारले, "अगं, छत्री नेली होती ना? कुठाय ती?"

छत्री रिक्षात राहिली होती. आम्ही दोघांनी एकाच क्षणी एकमेकांकडे बोट दाखवले, आणि चिरंजीवांचा हात कमरेवरून उठताच पीतांबर जिन्यात गळून पडला.