खुलासा: जांभूळ पावडरीचा तो ‘ओरॅक’ तक्ता

‘ओरॅक आकडा जितका मोठा, तितकं म्हातारपण लांब. अमेरिकन सरकारचा तक्ता पाहा!’ असा मेसेज सध्या फिरतोय. ओरॅक म्हणजे पदार्थातल्या अँटिऑक्सिडंटांची, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या कणांना रोखणाऱ्या द्रव्यांची, ताकद मोजणारा आकडा. खाली जांभूळ, ब्लूबेरीची पावडर विकायला आहेच.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा असा तक्ता खरंच होता. पण त्यांनीच तो 2012 मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला. कारण सरळ आहे: ओरॅक ही परीक्षानळीतली मोजणी. तिथला आकडा पोटात गेल्यावर लागू होत नाही. जांभळाचा रंग देणारी अँथोसायनिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं मुळात कमीच शोषली जातात, आणि जी शोषली जातात त्यांचंही शरीरात रूप बदलतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे औषध नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या पावडरीच्या भरवशावर बंद करू नका.

याचा अर्थ जांभूळ वाईट असा नाही हं! मेसेजमधली एक गोष्ट मला पटते: रस काढल्यावर उरलेला चोथा फेकू नये. रंग बराचसा सालीतच असतो, शिवाय चोथ्यात तंतू असतात. तो मंद आचेवर वाळवून, दळून बिस्किटाच्या पिठात थोडा घालता येतो. फक्त खायचा सोडा जपून. मी एकदा चिमूट जास्त टाकली, तर जांभळा गोळा बघता बघता राखाडी-हिरवा झाला! हा रंग आंबटात लाल, सोड्यात निळा-हिरवा होतो. लिंबू पिळलं की थोडाफार परततो. भाजताना काही अंश जातोच, म्हणून पाकिटावरचा कच्च्या फळाचा आकडा बिस्किटाला लावणं ही शुद्ध थाप.